डीकन, स्थायी

रोमन कॅथलिक चर्चच्या दीक्षित सेवकवर्गातील डीकन या पायरीवर आजन्म राहून सेवा करण्यासाठी दीक्षा घेतलेला पुरुष. या सेवकवर्गाच्या बिशप (महागुरू), धर्मगुरू (पाद्री) व डीकन अशा तीन पायऱ्या आहेत. धर्मगुरू होऊ इच्छिणाऱ्या उमेदवारालाही अखेरच्या दीक्षेपूर्वी किमान सहा महिने डीकन म्हणून काढावे लागतात. त्यास संक्रमणकालीन डीकन म्हणतात. दोघांची दीक्षा एकच असली, तरी स्थायी डीकनाच्या दृष्टीने ती वाटेवरचा मुक्काम नसून अखेरचे स्थान असते. बहुतेक स्थायी डीकन विवाहित, मुलाबाळांचे आणि स्वतःच्या नोकरीवर वा व्यवसायावर उदरनिर्वाह करणारे प्रौढ गृहस्थ असतात. दीक्षेनंतरही त्यांचा संसार व व्यवसाय चालूच राहतो. कॅथलिक चर्चच्या पाश्चात्त्य (लॅटिन) शाखेत दीक्षित म्हणजे अविवाहित, हे समीकरण अनेक शतके रूढ होते. या पार्श्वभूमीवर १९६७ नंतर पुन्हा अस्तित्वात आलेल्या या गृहस्थ-दीक्षिताची निवड कशी करावी, त्याला काय व कसे शिकवावे आणि दीक्षेनंतर त्याला कोणता आधार द्यावा, हे प्रश्न धर्मप्रांतापुढे, म्हणजे बिशपच्या अधिकारक्षेत्रापुढे, उभे राहिले. धर्मगुरूंच्या प्रशिक्षणाचा जुना साचा वापरून ते सुटण्यासारखे नाहीत.

उगम आणि ऱ्हास : ‘दिआकोनॉस’ या ग्रीक शब्दाचा अर्थ सेवक, निरोप्या किंवा पंक्तीत वाढणारा असा आहे. बायबलच्या नव्या करारातील ‘प्रेषितांची कृत्ये’ या ग्रंथाच्या सहाव्या अध्यायात जेरूसलेम येथील ख्रिस्ती समाजात उद्‌भवलेली एक तक्रार नमूद आहे. रोजच्या अन्नवाटपात ग्रीक भाषिक विधवांकडे दुर्लक्ष होते, अशी ती तक्रार होती. तिचे निवारण करण्यासाठी प्रेषितांनी स्तेफन, फिलिप इ. सात जणांची नेमणूक केली. मूळ ग्रंथात या सातांना डीकन हे नाव दिलेले नाही. परंतु परंपरेने त्यांनाच पहिले डीकन मानले आहे. तिमथ्याला लिहिलेल्या पहिल्या पत्रात डीकनाच्या अंगी कोणते गुण असावेत ते सांगितले आहे. तो गंभीर वृत्तीचा, दुतोंडी न बोलणारा, मद्यासक्त वा द्रव्यलोभी नसलेला, एकपत्नीक व आपल्या घराची नीट व्यवस्था ठेवणारा असावा, अशी तेथे अपेक्षा आहे. आधुनिक काळात उमेदवाराच्या कुटुंबाची जी चौकशी केली जाते, तिचे मूळ या अपेक्षेत सापडते.

दुसऱ्या शतकाच्या प्रारंभी अँटिऑकचा बिशप इग्नेशियस याच्या पत्रांत बिशप, धर्मगुरू व डीकन या तीन पायऱ्या स्पष्टपणे दिसतात. डीकन हा बिशपचा निकटचा साहाय्यक असे. दानद्रव्याचा हिशेब ठेवणे, गरिबांना मदत पोहोचविणे, आजाऱ्यांची व बंदिवानांची विचारपूस करणे आणि उपासनेत बिशपला साहाय्य करणे, ही त्याची कामे होती. पोप कॉर्नेलियस याच्या २५१ च्या सुमाराच्या पत्रानुसार रोमच्या चर्चमध्ये ४६ धर्मगुरू आणि अवघे ७ डीकन होते व चर्चच्या आधारावर जगणाऱ्या विधवा आणि गरजू व्यक्तींची संख्या १,५०० हून अधिक होती. रोमचा डीकन लॉरेन्स याने २५८ मध्ये हौतात्म्य पतकरले. चर्चचा खजिना स्वाधीन करण्याचा हुकूम होताच त्याने शहरातील गोरगरीब आणून उभे केले, अशी आख्यायिका आहे.

संख्येने थोडे, पण द्रव्य व बिशपचे सान्निध्य लाभलेले डीकन धर्मगुरूंना डोईजड होऊ लागले. नायसीया येथील ३२५ च्या परिषदेला त्यांच्या वर्तनास मर्यादा घालणारा नियम करावा लागला. पुढे ख्रिस्ती धर्म खेडोपाडी पसरला, तेव्हा स्थानिक समाजाचे प्रमुखपद धर्मगुरूंकडे गेले. अनाथ, रुग्ण व प्रवासी यांच्या सेवेचे कार्य मठांनी व धर्मशाळांनी उचलले. पाश्चात्त्य चर्चमध्ये दीक्षितांच्या ब्रह्मचर्याचा नियमही दृढ होत गेला. परिणामतः डीकनपदाचे स्वतंत्र प्रयोजन उरले नाही आणि मध्ययुगात ते धर्मगुरुपदाकडे नेणारी एक पायरी बनले. एकोणिसाव्या शतकात पोपच्या राज्याचा परराष्ट्रकारभार पाहणारा कार्डिनल जाकोमो अंतोनेल्ली (मृत्यू १८७६) हा आजन्म डीकन राहिला. पण अशी उदाहरणे अपवादात्मक होत. पौर्वात्य चर्चमध्ये मात्र ही परंपरा अखंड टिकून राहिली. ट्रेंट परिषदेने १५६३ मध्ये जुन्या पदांची कार्ये पुन्हा सुरू व्हावीत अशी इच्छा व्यक्त केली होती. तथापि डीकनपदाच्या बाबतीत ती चार शतके कागदावरच राहिली.

पुनरुज्जीवन : या पदाच्या पुनरुज्जीवनाची आधुनिक चळवळ मुख्यतः जर्मनीत उदयास आली. दुसऱ्या महायुद्धात डाखाऊ येथील छळछावणीत सुमारे २,७०० ख्रिस्ती धर्मसेवक डांबलेले होते व त्यांतील एक हजाराहून अधिक तेथेच मरण पावले. भोवतालच्या समाजापासून चर्च इतके दूर का पडले, याची चर्चा करताना तेथील काही कॅथलिक धर्मगुरूंनी विवाहित डीकनांची कल्पना मांडली. छावणीतून वाचलेले व्हिल्हेल्म शामोनी यांनी १९५३ मध्ये ती पुस्तकरूपाने प्रसिद्ध केली. तत्पूर्वीच, १९५१ मध्ये, फ्रायबुर्ग येथे समाजसेवेच्या क्षेत्रातील हान्नेस क्रामर यांनी या ध्येयासाठी एक अभ्यासमंडळ स्थापन केले होते. चर्चच्या वतीने दीनदुबळ्यांची सेवा करणाऱ्या माणसाला चर्चने दीक्षेचे बळही द्यावे, हा त्यांचा आग्रह होता. बारावे पायस या पोपनी १९५७ मध्ये ही कल्पना अद्याप परिपक्व झालेली नाही, असा अभिप्राय दिला. ईश्वरविद्येचे अभ्यासक कार्ल रानर यांनी सहसंपादित केलेल्या १९६२ च्या बृहद्‌ग्रंथामुळे तिला वैचारिक अधिष्ठान लाभले.

दुसऱ्या व्हॅटिकन विश्वपरिषदेत (१९६२–६५) या विषयावर मोठा वाद झाला. लॅटिन अमेरिका व मिशनक्षेत्रे येथे धर्मगुरूंची तीव्र उणीव होती, म्हणून अनेक बिशपांना हे पद हवे होते. तर विवाहित डीकनांमुळे धर्मगुरूंच्या ब्रह्मचर्याला तडा जाईल, अशी इतरांना धास्ती होती. ३० ऑक्टोबर १९६३ रोजी घेतलेल्या कलचाचणीत १,५८८ मते अनुकूल व ५२५ प्रतिकूल पडली. २१ नोव्हेंबर १९६४ रोजी संमत झालेल्या चर्चविषयक संविधानाने डीकनपद हे एक स्वतंत्र व स्थायी पद म्हणून पुन्हा सुरू करण्यास मान्यता दिली. डीकनावर हस्तारोपण होते ते धर्मगुरुपदासाठी नव्हे, तर सेवेसाठी, हे प्राचीन सूत्र त्यात पुन्हा नमूद करण्यात आले. प्रौढ विवाहितांना हे पद खुले झाले. तरुणांना मात्र ब्रह्मचर्याची अट कायम ठेवली गेली. सहावे पॉल यांनी १८ जून १९६७ च्या आज्ञापत्राने याविषयीचे नियम घालून दिले. २८ एप्रिल १९६८ रोजी कोलोन येथे पाच पुरुषांना दीक्षा देण्यात आली. नव्या व्यवस्थेतील हे पहिले स्थायी डीकन होत. ही संस्था सुरू करावी की नाही हे प्रत्येक देशाच्या बिशपपरिषदेने पोपच्या संमतीने ठरवावयाचे आणि आपल्या धर्मप्रांतापुरता निर्णय त्या त्या बिशपने घ्यावयाचा, असे धोरण असल्यामुळे तिचा प्रसार सर्वत्र सारखा झाला नाही.

निवड : डीकनपद हा कोणाचाही हक्क नाही. इच्छुक व्यक्ती स्वतःहून पुढे येते किंवा तिच्या धर्मग्रामाचा (स्थानिक चर्चसमाजाचा) धर्मगुरू तिचे नाव सुचवितो. १९८३ च्या चर्चविषयक विधिसंहितेनुसार अविवाहित उमेदवाराने वयाची २५ वर्षे आणि विवाहिताने ३५ वर्षे पुरी केलेली असावी लागतात. बिशपपरिषदा याहून अधिक वयाची अट घालू शकतात. अमेरिकेच्या संयुक्त संस्थानांत सर्वांसाठी किमान ३५ वर्षांची मर्यादा आहे. विवाहिताच्या बाबतीत पत्नीची संमती अनिवार्य असते.

प्राथमिक चौकशीत धर्मनिष्ठेइतकेच महत्त्व उमेदवाराच्या लौकिक जीवनाला दिले जाते. त्याचा संसार स्थिर आहे काय, उत्पन्न पुरेसे व प्रामाणिक आहे काय, शेजाऱ्यापाजाऱ्यांत व कामाच्या ठिकाणी त्याची प्रतिष्ठा कशी आहे, तो आधीपासून काही सेवाकार्य करीत आहे काय, हे पाहिले जाते. अनेक ठिकाणी मानसशास्त्रीय चाचणी घेण्यात येते. वेदीजवळ मानाने उभे राहण्याची हौस आणि सेवेची खरी ओढ यांतील भेद ओळखणे, हे निवडसमितीचे सर्वांत नाजूक काम होय. त्यासाठी थोडा काळ जावा लागतो, म्हणून आरंभी जिज्ञासूंचा एक पूर्वतयारीचा टप्पा ठेवलेला असतो; अमेरिकेत तो किमान एक वर्षाचा आहे. या काळात उमेदवार माघार घेऊ शकतो व चर्चही त्याला नकार देऊ शकते. अशा वेळी माघार घेणाऱ्यास अपयशी समजू नये, असा संकेत आहे. त्यानंतर धार्मिक विधीने त्याला अधिकृत उमेदवार म्हणून स्वीकारले जाते. पुढे वाचक व वेदीसेवक ही दोन पदे त्याला क्रमाने दिली जातात. वेदीसेवकपद व डीकनदीक्षा यांत किमान सहा महिन्यांचे अंतर असावे लागते.

शिक्षण : २२ फेब्रुवारी १९९८ रोजी रोममधील दोन वरिष्ठ कार्यालयांनी संयुक्तपणे दोन दस्तऐवज प्रसिद्ध केले. त्यांपैकी एक डीकनांच्या शिक्षणाविषयी, तर दुसरा त्यांचे सेवाकार्य व जीवन यांविषयी आहे. त्यांच्या आधारे प्रत्येक देशाची बिशपपरिषद आपली नियमावली तयार करते. शिक्षणाचा काळ किमान तीन वर्षांचा असतो व त्यात निदान एक हजार तासांचे अध्यापन अपेक्षित आहे. वर्षातून चाळीस आठवडे वर्ग चालतात असे धरल्यास दर आठवड्याला सुमारे आठ तास होतात. दिवसभर कारखान्यात, शाळेत वा कचेरीत राबणाऱ्या माणसाला हे तास संध्याकाळी आणि शनिवार-रविवारी काढावे लागतात. वाचन, निबंध, परीक्षा व क्षेत्रकार्य यांचा वेळ वेगळाच. धर्मगुरूंच्या गुरुकुलात विद्यार्थी घरदार सोडून राहतो. येथे विद्यार्थी घरातच राहतो आणि विद्यालय त्याच्या सवडीप्रमाणे भरते. हा केवळ वेळापत्रकातील फरक नव्हे. गुरुकुलाचे उद्दिष्ट विद्यार्थ्याला नव्या जीवनपद्धतीत घडविणे हे असते. डीकनाच्या शिक्षणाला त्याची प्रस्थापित जीवनपद्धती न मोडता तिच्यातूनच सेवक घडवावा लागतो.

शिक्षणाची मानवी, आध्यात्मिक, बौद्धिक आणि सेवाविषयक अशी चार अंगे मानली जातात. मानवी अंगात ऐकून घेण्याची सवय, भावनिक परिपक्वता, टीका सहन करण्याची ताकद व गुप्तता राखण्याची शिस्त यांवर भर असतो. आध्यात्मिक अंगात नियमित प्रार्थना, एकांतसाधनेचे दिवस आणि आध्यात्मिक मार्गदर्शकाशी संवाद यांचा समावेश होतो. बायबल, चर्चचे आचार्य, श्रद्धासिद्धांत, नीतिशास्त्र, उपासनाशास्त्र, चर्चचा कायदा व इतिहास, चर्चची सामाजिक शिकवण आणि प्रवचनकला हे बौद्धिक अंगाचे विषय होत. सेवाविषयक अंगात उमेदवाराला रुग्णालय, तुरुंग, वृद्धाश्रम, निर्वासितांची वस्ती अशा ठिकाणी पाठविले जाते व तेथील अनुभवावर गटात चर्चा घडवून आणली जाते. वर्गातील सर्वच विद्यार्थी प्रौढ असतात. त्यांतील एखादा विद्यापीठाचा पदवीधर, तर एखादा कुशल कारागीर असतो. त्यामुळे एकाच ठशाच्या व्याख्यानांपेक्षा त्यांच्या अनुभवापासून सुरुवात करणारी पद्धत अधिक फलदायी ठरते.

या कामी धर्मप्रांत एक शिक्षणप्रमुख नेमतो. प्रत्येक उमेदवाराला एक अनुभवी मार्गदर्शक दिलेला असतो. तो उमेदवाराच्या प्रगतीचा अहवाल देतो. आध्यात्मिक मार्गदर्शकाला मात्र उमेदवाराने विश्वासाने सांगितलेली कोणतीही गोष्ट मूल्यमापनात उघड करता येत नाही. उमेदवाराच्या अंतरंगातील गोष्टी आणि त्याच्या पात्रतेचा निर्णय यांची गल्लत होऊ नये, यासाठी हे दोन हुद्दे कटाक्षाने वेगळे ठेवले जातात. प्रतिवर्षी होणाऱ्या मूल्यमापनानंतर अंतिम निर्णय बिशप घेतो.

पत्नी व कुटुंब : पत्नीला दीक्षा मिळत नाही, परंतु पतीच्या दीक्षेचा भार तिच्यावरही पडतो. म्हणून तिची लेखी संमती ही केवळ औपचारिकता ठरू नये, यासाठी अनेक धर्मप्रांत उमेदवारांच्या पत्नींना वर्गांत व एकांतसाधनेत सहभागी करून घेतात व मूल्यमापनाच्या वेळी त्यांचे म्हणणे स्वतंत्रपणे ऐकतात. नवरा रविवारी सकाळी वेदीजवळ व संध्याकाळी सभेत असेल, तर मुलांच्या वाट्याला काय उरते, हा प्रश्न बहुधा तिच्याकडूनच पुढे येतो. विवाहसंस्कार आधीचा व दीक्षासंस्कार नंतरचा असून दुसऱ्याने पहिल्याला बाधा आणू नये, असे तत्त्व सांगितले जाते. व्यवहारात त्याचा क्रम कुटुंब, नोकरी व मग सेवाकार्य असा लावतात.

दीक्षेनंतर पत्नी निवर्तली, तर डीकनाला सामान्यतः पुनर्विवाह करता येत नाही. त्यासाठी रोमकडून विशेष सूट मिळवावी लागते. दीक्षा घेताना पस्तिशी-चाळिशीत असलेल्या गृहस्थाला हा नियम दूरचा वाटतो. परंतु लहान मुले पदरी असताना वैधव्यासारखी आपत्ती त्याच्यावर कोसळली, की त्याची खरी झळ लागते. शोक, मुलांचे संगोपन आणि अनपेक्षित ब्रह्मचर्य या तिन्हींना त्याला एकदम तोंड द्यावे लागते. अशा प्रसंगी धर्मप्रांत त्याच्या पाठीशी कितपत उभा राहतो, यावर या व्यवस्थेची कसोटी लागते.

कार्ये : दीक्षाविधीत डीकनावर एकटा बिशपच हस्तारोपण करतो व त्याच्या हाती शुभवर्तमानाचा ग्रंथ देतो. डाव्या खांद्यावरून तिरका घेतलेला पट्टा व डाल्मॅटिक नावाचा झगा हा त्याचा उपासनेतील वेश होय. त्याचे कार्य वचन, उपासना आणि दया असे त्रिविध मानतात. तो मिस्सा या मुख्य उपासनेत शुभवर्तमान वाचतो, प्रवचन करतो, बाप्तिस्मा देतो, ख्रिस्तप्रसाद वाटतो, विवाहविधीस चर्चचा प्रतिनिधी म्हणून उपस्थित राहतो आणि अंत्यविधी चालवितो. मिस्साबलिदान अर्पण करणे, पापनिवेदन ऐकून क्षमा देणे व आजाऱ्यांना तैलाभ्यंग करणे हे अधिकार मात्र त्याला नाहीत. सोळावे बेनेडिक्ट यांनी २००९ मध्ये विधिसंहितेत केलेल्या दुरुस्तीने हा भेद अधिक स्पष्ट झाला. बिशप व धर्मगुरू मस्तकस्वरूप ख्रिस्ताच्या नावाने कार्य करतात, तर डीकनाला उपासना, वचन व दया यांद्वारे लोकांची सेवा करण्याचे सामर्थ्य मिळते, असे तीत म्हटले आहे.

डीकनाचे उपासनेतील काम लोकांना दिसते, तर तुरुंगातील व रुग्णशय्येजवळील काम दिसत नाही. त्यामुळे लोक त्याच्याकडे कधी ‘अर्धा पाद्री’ म्हणून, तर कधी मोठ्या वयाचा वेदीसेवक म्हणून पाहतात. जेथे धर्मगुरू कमी असतात, तेथे त्याला उपासनेच्या कामातच गुंतवून टाकण्याचा मोह बिशपांना होतो. अशा वेळी दयाकार्य मागे पडते आणि ज्या हेतूने हे पद पुन्हा सुरू झाले तोच हेतू दृष्टीआड होतो.

दीक्षेनंतरचे साहाय्य : दीक्षेबरोबर डीकन त्या धर्मप्रांताच्या सेवकवर्गात कायमचा समाविष्ट होतो व बिशपच्या आज्ञेत राहण्याचे वचन देतो. त्याची नेमणूक बिशपच्या लेखी आदेशाने होते. पुष्कळ धर्मप्रांतांत डीकन, स्थानिक धर्मगुरू व पत्नी यांच्याशी विचारविनिमय करून कामाचे स्वरूप, आठवड्याचे तास, सुटी व खर्चाची भरपाई ठरविली जाते. असा लेखी मेळ नसला, की तक्रारींना तोंड फुटते. स्थानिक धर्मगुरू काही वर्षांनी बदलतो, डीकन मात्र त्याच गावात राहतो. नव्या धर्मगुरूच्या कार्यपद्धतीशी जुळवून घेणे दोघांनाही जड जाते. धर्मगुरूंच्या प्रशिक्षणातच डीकनपदाची ओळख करून दिली, तर हा ताण पुष्कळ कमी होतो.

आर्थिक बाबतीत विधिसंहितेचा नियम असा, की आपल्या व्यवसायातून वेतन मिळविणाऱ्या डीकनाने स्वतःचा व कुटुंबाचा निर्वाह त्यातूनच चालवावा. चर्चचे पूर्ण वेळ काम करणाऱ्या विवाहित डीकनाला मात्र कुटुंबाला पुरेल इतके मानधन द्यावे. बहुसंख्य डीकन पहिल्या वर्गात मोडतात व विनावेतन सेवा करतात. दोष नसताना बेकार झालेला डीकन, तसेच दिवंगत डीकनाची विधवा व मुले यांच्याविषयी धर्मप्रांताने आपली जबाबदारी निश्चित करावी, अशी सूचना १९९८ च्या दस्तऐवजात आहे. दीक्षेपूर्वीच विमा उतरविण्याची शिफारसही त्यात आढळते. धर्मगुरूंवर बंधनकारक असलेले काही नियम, उदा., धर्मवेशाची सक्ती, व्यापार वा सार्वजनिक पद यांवरील बंदी, स्थायी डीकनाला सामान्यतः लागू होत नाहीत.

दीक्षेनंतरच्या पहिल्या काही वर्षांत अधिक आधाराची गरज असते. अमेरिकेत पहिल्या तीन वर्षांसाठी नवदीक्षितांचा स्वतंत्र कार्यक्रम आखलेला असतो. तीत अनुभवी डीकनाची सोबत, ठरावीक काळाने बैठका व प्रवचनांचे परीक्षण यांचा समावेश होतो. त्यापुढे वार्षिक एकांतसाधना व अखंड शिक्षण यांची अपेक्षा असते. धर्मगुरू एकाच निवासात वा परस्परांच्या सहवासात राहू शकतात. डीकन मात्र आपापल्या घरी विखुरलेले असतात. त्यांच्या व त्यांच्या पत्नींच्या नियमित भेटी घडवून आणणे हे वरवर साधे दिसणारे काम त्यामुळे महत्त्वाचे ठरते. अनेक धर्मप्रांतांत हे काम अनुभवी डीकनावरच सोपविलेले असते.

सान क्रिस्तोबल दे लास कासास : मेक्सिकोच्या दक्षिण टोकाला चियापास राज्यातील या धर्मप्रांताचे उदाहरण विशेष बोधप्रद आहे. येथे त्सेल्ताल, त्सोत्सिल, चोल, तोहोलाबाल इ. माया भाषिक आदिवासी समाज बहुसंख्य असून त्यांची गावे डोंगरदऱ्यांत विखुरलेली आहेत. सामुएल रुईस हे १९६० ते २००० या काळात येथील बिशप होते. त्यांच्या कारकीर्दीत प्रथम हजारो स्थानिक धर्मशिक्षक तयार करण्यात आले. पुढे १९७० च्या दशकापासून त्यांतील अनुभवी पुरुषांची डीकनपदाकडे वाटचाल सुरू झाली. त्सेल्ताल भाषेत डीकनाला ‘तुहुनेल’ (सेवक) म्हणतात. उमेदवार स्वतः अर्ज करीत नसे. गाव त्याची निवड करी. या समाजात सार्वजनिक पद हा मान नसून समाजासाठी वाहावयाचा भार मानला जातो व तो पती-पत्नी मिळून उचलतात. त्यामुळे डीकनाची पत्नी प्रारंभापासूनच त्याच्या सेवेत सहभागी असे व वडीलधाऱ्यांचा सल्ला त्याच्या पाठीशी राही. शिक्षण मातृभाषेतून, शेतीची कामे सांभाळून, टप्प्याटप्प्याने दिले जाई. अन्यत्र नियमावलीने जे साधावे लागते, त्यातील बरेचसे येथे समाजाच्या रूढीनेच साधले.

२००० च्या सुमारास येथे ३०० हून अधिक डीकन होते. धर्मगुरूंची संख्या मात्र शंभराच्या आत होती. हे विषम प्रमाण पाहून रोममध्ये चिंता निर्माण झाली. विवाहित आदिवासी धर्मगुरूंची मागणी यातून पुढे येईल, अशीही शंका होती. २००२ मध्ये नव्या डीकनांना दीक्षा देणे थांबविण्याची सूचना करण्यात आली. ती बंदी २०१४ मध्ये पोप फ्रान्सिस यांनी उठविली. फेब्रुवारी २०१६ मध्ये त्यांनी या शहराला भेट देऊन रुईस यांच्या समाधीपुढे प्रार्थना केली. ज्या गावांना वर्षातून एखाददुसऱ्या वेळीच धर्मगुरू भेटतो, त्यांना बारा वर्षे नवा डीकनही मिळू शकला नाही, ही या वादाची लोकांनी मोजलेली किंमत होय. डीकनपद लोकांत रुजले, तरी ते धर्मगुरूंची जागा भरून काढू शकत नाही. आणि धर्मगुरूंच्या उणिवेचे उत्तर म्हणून त्याकडे पाहिल्यास त्याचे स्वतःचे मोलही वादात सापडते, असा दुहेरी धडा यातून मिळतो.

प्रसार : २०२३ अखेर जगातील स्थायी डीकनांची संख्या ५१,००० हून अधिक होती. त्यांतील बहुतेक सर्व उत्तर व दक्षिण अमेरिका आणि यूरोप येथे आहेत. एकट्या अमेरिकेच्या संयुक्त संस्थानांतच एक तृतीयांशाहून अधिक आढळतात. आफ्रिका व आशिया या खंडांत त्यांचे प्रमाण नगण्य आहे. जेथे धर्मगुरूंची वाण सर्वाधिक, तेथेच डीकन सर्वाधिक, असे दिसत नाही. सुशिक्षित, स्थिर उत्पन्नाचा व फावला वेळ असलेला मध्यमवर्ग जेथे मोठा आहे, तेथे ही संस्था अधिक फोफावली. ॲमेझॉन खोऱ्याविषयीच्या २०१९ च्या धर्मसभेने दुर्गम भागांतील विवाहित डीकनांना धर्मगुरुपदाची दीक्षा देण्याची शिफारस केली होती; ती पोपच्या २०२० मधील पत्रात स्वीकारली गेली नाही, परंतु अधिक स्थायी डीकन हवेत असे त्यात म्हटले आहे. स्त्रियांना डीकनपद द्यावे काय, याच्या अभ्यासासाठी २०१६ व २०२० मध्ये आयोग नेमण्यात आले.

भारतात ही संस्था फारशी पसरलेली नाही. येथे धर्मगुरू व धर्मभगिनी यांची संख्या तुलनेने मोठी असून खेड्यापाड्यांत धर्मशिक्षकांची जुनी परंपरा आहे, ही त्याची प्रमुख कारणे होत. मुंबईच्या आर्चबिशपांच्या धर्मप्रांतात मात्र एकविसाव्या शतकाच्या प्रारंभीच्या काळापासून विवाहित पुरुषांना या पदाची दीक्षा देण्यात आली आहे. केरळातील सिरियन परंपरेच्या चर्चमध्ये डीकनाला ‘शेम्माशन’ असे म्हणतात.

अर्धशतकाहून अधिक काळच्या अनुभवावरून असे दिसते, की स्थायी डीकनाचे यश त्याच्या विद्वत्तेवर जितके अवलंबून असते, त्याहून अधिक त्याच्या निवडीतील सावधपणावर, पत्नीच्या मनःपूर्वक सहभागावर आणि दीक्षेनंतर धर्मप्रांताने राखलेल्या संबंधावर अवलंबून असते. दीक्षेपर्यंत चार-पाच वर्षे त्याची काळजी घ्यावयाची व नंतर त्याला एखाद्या धर्मग्रामात सोडून विसरून जावयाचे, असे जेथे घडते, तेथे तो एकाकी पडतो व त्याचे काम उपासनेतील ठरावीक विधींपुरते संकोचते. ज्या धर्मप्रांतांत त्याच्यावर रुग्ण, बंदिवान, बेघर व शोकग्रस्त यांची जबाबदारी निश्चितपणे सोपविली जाते, तेथे जेरूसलेममधील विधवांच्या तक्रारीतून जन्मलेल्या या पदाचा मूळ अर्थ आजही कायम असल्याचे प्रत्ययास येते.